ठोंब्याची कोरी फाइल

निरोगी असणं ही गंभीर बाब आहे. ती वेळच्या वेळी कागदावर सिद्ध केली नाही, तर जिवावर बेतू शकते. वळू केंद्रातल्या ठोंब्या वळूचं नेमकं हेच झालं, आणि तेही मामा असताना. मामा म्हणजे केंद्रातले सर्वात जुने गडी. ठोंब्याला त्यांनीच बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं.

वरून आदेश आला: निरनिराळ्या जातींच्या वळूंची नैसर्गिक रोगप्रतिकारशक्ती मोजावी, सर्वात कणखर वळू पैदाशीसाठी ठेवावा, बाकीचे कमी करावेत. (‘कमी करणे’ म्हणजे काय, हे वळूंना कळवण्याची तरतूद आदेशात नव्हती.) लगेच समिती नेमली गेली. रोगाचा प्रतिकार करायचा तर आधी रोग हवा, इथपर्यंत समिती दुसऱ्या चहाच्या आतच पोचली. सबब, ज्याने जास्त आजार परतवले तो जास्त कणखर. यात खोट काढणारा अजून जन्मायचाय.

थंड मुलखातून आणलेल्या वळूला सगळे जावईबापू म्हणत. त्याला दोन पंखे होते, रबरी गादी होती आणि माशी बसली तरी ताप येत असे. तो वर्षात एकेचाळीस वेळा आजारी पडून एकेचाळीस वेळा बरा झाला होता. शंभर टक्के! संकरित वळूने एकोणिसांपैकी अठरा आजार निभावले होते. एकोणिसावा चालू होता. गावठी ठोंब्याच्या फाइलीत एकच कागद निघाला, कोरी फाइल मिळाल्याची पोच. शून्याला शून्याने भागताना कॅल्क्युलेटरने हात टेकले, समितीनेही टेकले आणि शेरा मारला: ‘प्रतिकारशक्तीचा पुरावा नाही.’ न्यायला ट्रक सोमवारी येणार होता.

मामांच्या पायाखालची जमीन सरकली. ते तडक केंद्रातल्या गुरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"बाई, एक साधी सर्दी लिहा की हो. तुमचं काय जातंय?"

"लिहिते ना! पण नाक तरी गळू दे, मामा."

मग मामांनी कंबर कसली. ठोंब्याला भर पावसात दोन तास उभं केलं, स्वतः दोरी धरून. तापलेल्या जावईबापूंच्या शेजारी बांधलं. ठोंब्याने जावईबापूंचा खुराक फस्त केला आणि आठवड्यात त्याचं वजन नऊ किलोंनी वाढलं. मामांना मात्र सणकून ताप भरला. सोमवारी ते खोलीत अंथरुणावर पडून होते. ट्रक निघाल्याचं त्यांना आवाजावरूनच कळलं. मेला शेवटपर्यंत साधा शिंकलासुद्धा नाही! मामा उशीत तोंड खुपसून रडले.

"कधी कुरकुरला नाही, म्हणून कुणी त्याची दखलच घेतली नाही गं," ते कण्हत म्हणाले.

मामी रात्रभर त्यांच्या कपाळावरच्या पट्ट्या बदलत होत्या. "अहो, माझंही अंग जरा कसकसतंय," त्या म्हणाल्या.

"तुला काय धाड भरलीय?" असं म्हणून मामा कुशीवर वळले.

वाचकांनी हसण्याआधी एक नोंद पूर्ण करावी. आपल्याही घरात कधीच आजारी न पडणारं एक माणूस आहे. त्याची तब्येत आपण शेवटची कधी विचारली, ती तारीख इथे लिहावी: ............

(जागा कमी पडणार नाही.)