चारशे अंगठ्यांची हरकत

दहिसरच्या आमच्या वस्तीतली अभ्यासिका पाडून तिथे पार्किंग करण्याचा प्रस्ताव पालिकेच्या कचेरीत दाखल झाला, तेव्हा आम्ही रहिवासी पेटून उठलो. म्हणजे ग्रुप काढला. 'अभ्यासिका बचाव जनआंदोलन'. संध्याकाळपर्यंत चारशे सभासद झाले, त्यातले निम्मे अ‍ॅडमिन.

हरकत नोंदवायला सोमवारी कचेरीत या, असा मेसेज इरावतीने टाकला. ही पोरगी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करते. घरी एकच खोली, त्यात सहा माणसं आणि दिवसभर टीव्ही. अभ्यासिका गेली की हिची परीक्षाही गेली. तिच्या मेसेजला सगळ्यांनी अंगठा दिला. माझा दोनदा दाबल्यामुळे निघून गेला होता, तो मी पुन्हा दिला. जबाबदारी म्हणजे जबाबदारी.

सोमवारी कचेरीत ती एकटीच होती.

"हरकत कोणाची?" तिथले अधिकारी कुंडलिकसाहेब यांनी विचारलं.

"चारशे रहिवाशांची, सर." तिने फोन पुढे केला. "हे बघा ना."

साहेबांनी चष्मा लावला. "सह्या कुठायत? हे तर सगळे अंगठे."

"सर, म्हणजे त्यांचा पाठिंबा आहे."

"नियमात अंगठ्याचा अर्थ एकच, बाई. माणसाला सही येत नाही."

"अहो, यात प्रोफेसर आहेत! वकील आहेत!"

"मग पाठवा की त्यांना सही करायला. तुमची एकटीची धरता येत नाही, निदान दोन लागतात. पाचपर्यंत बसलोय मी."

इरावतीने ग्रुपवर लिहिलं, "प्लीज, कोणीतरी या यार. एक जण तरी या. रडू येतंय मला." प्रतिसाद तुफान मिळाला. कोणी हात जोडले, कोणी मुठी आवळल्या. प्रोफेसर सीताराम यांनी तर शिक्षण आणि संघटन यावर दोन भागांत लेख टाकला. मी रडका चेहरा पाठवला. वाईट वाटलं हो मला, अगदी मनापासून. पण वर्किंग डेला कसं जमणार?

पाच वाजता आदेश निघाला. 'सदर वस्तीतील सर्व हरकतदार निरक्षर असल्याचे त्यांच्याच अंगठ्यांवरून सिद्ध होते. सबब अभ्यासिकेचा उपयोग कोणासही नाही. पार्किंगला मंजुरी देण्यात येत आहे.'

इरावतीने आदेशाचा फोटो टाकला आणि ग्रुप सोडला. फोटोला आम्ही सगळ्यांनी अंगठा दिला. काय करणार, हाताला सवयच लागलीय.

हे वाचून तुम्हालाही चीड आली असेल. येणारच, सुशिक्षित माणसं तुम्ही. मग बघताय काय? द्या की अंगठा. सही मागतंय कोण!