फणसाची ताबापावती

विषय : एका जंगलातील एका फणसाच्या वाटपाबाबत.
संदर्भ : कोल्हा, लांडगा आणि साळू यांची तोंडी विनंती.

मुलांनो, उपरोक्त विषयान्वये कळवण्यात येते की, एका जंगलात एक कासव राहत असे. सिंहाच्या कचेरीत त्याने छत्तीस वर्षे कारकुनी केली. निवृत्तीच्या दिवशी त्याला डोहातला एक सपाट दगड मिळाला. त्यावर सकाळपासून ऊन असे. म्हातारपणी कासवाला आणखी काय हवे?

त्याला दहा गरेही हवे होते. ते कासव म्हणजे मी.

झाले असे. तिघांनी अस्वलाच्या झाडावरून एक फणस चोरला. चोरी उत्तम झाली. अडले ते तेलावर. हाताला तेल न लावता फणस फोडला, की चीक लागतो. मागच्या वर्षी लांडग्याने तसा फोडला होता. आठ दिवस त्याचे तोंड उघडले नव्हते.

तेल खारीच्या घाण्यावर मिळे. पण आणायला जाणार कोण? एक गेला तर मागे दोघे खातील. दोघे गेले तर एकटा खाईल.

म्हणून ते माझ्या दगडापाशी आले.

"भाऊसाहेब, तुम्ही फणस सांभाळा," कोल्हा म्हणाला. "छत्तीस वर्षांत तुम्ही कुणाकडून काही घेतले नाही म्हणे."

"घेतले नाही, की कुणी दिले नाही?" साळूने विचारले.

"तशी नोंद नाही," मी म्हणालो.

माझी किंमत दहा गरे ठरली. मी दगडावरून उतरलो, फणसापाशी गेलो आणि सवयीने पावती लिहून दिली : 'वरील फणस माझ्या ताब्यात सुस्थितीत मिळाला.' खाली सही. पावती कुणी मागितली नव्हती.

तिघे तेलाला निघाले. शंभर पावलांवरून कोल्हा लंगडत परत आला. म्हणे, काटा रुतला. मागोमाग लांडगा आला. म्हणे, तेलाचे भांडे विसरलो. भांडे त्याच्या हातातच होते. साळू मात्र परत आली नाही. ती गेलीच नव्हती. करवंदीच्या जाळीमागे बसली होती.

"तुझा विश्वास नाही होय गं आमच्यावर?" लांडगा चिडला.

"आहे की. म्हणून तर जवळच बसले."

खरे तर त्याच वेळी मी माझ्या दगडावर परत जायला हवे होते. पण मी म्हणालो, "यावर एक पद्धत आहे." ही पद्धत मी छत्तीस वर्षे वापरली होती आणि तिने एकही काम झाल्याचे मला आठवत नव्हते. पद्धत अशी : एकाने तेलाला जाण्याचा अर्ज करावा. उरलेल्या दोघांनी 'मागे राहून खाणार नाही' असे लिहून द्यावे.

लांडग्याने अर्ज केला. कोल्ह्याने त्यावर शेरा मारला : 'साळूबाईंनी लिहून दिल्यास मीही देईन.' साळूने खाली लिहिले : 'आधी कोल्होबा.' कागद पुन्हा कोल्ह्याकडे गेला. मी तो दिवसातून तीनदा इकडून तिकडे नेत असे. खोटे कशाला सांगू, निवृत्तीनंतर इतके बरे मला कधी वाटले नव्हते.

चार दिवस गेले. फणस पिकला. वास डोंगरापर्यंत गेला आणि वासामागून अस्वल आले.

"हा फणस कोणाकडे आहे?" अस्वलाने विचारले.

चार दिवसांत एका कागदावर एकमत न झालेल्या तिघांनी एकदम माझ्याकडे बोट दाखवले. "भाऊसाहेबांच्या ताब्यात! पावती बघा!"

अस्वलाने पावती दोनदा वाचली. "अक्षर चांगले आहे," ते म्हणाले.

मग त्याने फणस तिथेच फोडला आणि खाल्ला. तेल मागितले नाही. चिकाचे हात माझ्या पाठीला पुसले. पावती घेऊन ते कचेरीत गेले. संध्याकाळी माझा दगड काढून घेण्यात आला. सध्या त्यावर मगरीचा मेहुणा बसतो. मी सावलीत असतो. पाठीचा चीक अजून निघालेला नाही.

तात्पर्य : चोरांचा एकमेकांवर विश्वास नसतो, म्हणून त्यांना एक प्रामाणिक लागतो. तेव्हा मुलांनो, प्रामाणिक जरूर राहावे, पण त्याचा बोभाटा होऊ देऊ नये.

दगड परत मिळावा म्हणून मी रीतसर अर्ज केला आहे. फणस मी चोरला नाही, असे तिघांनी लिहून द्यावे, असा त्यावर कचेरीचा शेरा आहे. तिघांचीही लिहून द्यायला हरकत नाही. मात्र आधी उरलेल्या दोघांची सही आणावी, असे प्रत्येकाचे म्हणणे आहे. अर्ज प्रलंबित आहे.