रिकामी फिरणारी मोटार

एका जंगलात विजेच्या मोटारी बनत. जंगलात कारखाना कसा, असे विचारू नका मुलांनो. हात गुडघ्यावर ठेवा आणि ऐका.

माकडे तांब्याची तार गुंडाळत. सुतारपक्षी बेअरिंग ठोकून बसवी. शेवटी तात्या अस्वल तपासणी करी. मोटारीला पंप जोडायचा, तासभर पाणी ओढायला लावायचे, मग तिच्या अंगावर पंजा ठेवायचा. पंजा टिकला तर 'पास'चा शिक्का. चटका बसला तर मोटार परत.

दहातल्या तीन परत जात. माकडे बारीक तार वापरत, म्हणून.

सिंहाने कोल्ह्याला मोठा साहेब नेमले. कोल्हा शिकलेला होता. पंप जोडला की मोटारी तापतात, हे त्याने आठवड्यात शोधून काढले. त्याने पंप काढायला लावला.

मोटारी रिकाम्या फिरू लागल्या. एकही तापेना. दहाच्या दहा पास. माकडांना पेढे वाटले.

तात्याने शिक्का खाली ठेवला.

"साहेब, रिकामी मोटार कशी तापेल? तुम्ही तरी कधी तापलात का?"

तात्याची बदली फाटकावर झाली. शिक्का पोपटाकडे गेला.

उन्हाळ्यात तळे आटले. उरली एक विहीर. तिच्यावर नवी मोटार बसवली. दुसऱ्या दिवशी ती जळाली.

चौकशी झाली. कोल्ह्याने सांगितले, की मोटार कारखान्यात उत्तम चालत होती. इथे पाणी ओढायला लावली आणि जळाली. म्हणजे दोष पाण्याचा. चौकशी समितीला पटले. दुसरी मोटार आली. तिला पंप जोडू नये, असा हुकूमही आला.

मोटार गुणगुणत राहिली. हौद कोरडाच. पाडसे त्याच्या तळाला जीभ लावत.

हरणी फाटकावर आली. "तात्या, आवाज पिऊन पोरं जगायची नाहीत. उद्याचा दिवस निघायचा नाही."

तात्या उठून विहिरीवर गेला. त्याने दोर आणि पोहरा घेतला. दिवसभर पाणी शेंदले. पंजे सोलवटले. दिवस मावळायला हौद भरला. पाडसे पोटभर प्याली.

कोल्ह्याने अहवाल लिहिला: मोटार दिवसभर चालली. हौद भरला. मोटार तापली नाही.

सिंहाने कोल्ह्याला शाल पांघरली. तात्याला फाटक सोडल्याबद्दल नोटीस आली.

तात्पर्य: मुलांनो, ओझे ओढू नका. रिकामा फिरणारा तापत नाही, जळत नाही आणि पहिल्याच तपासणीत पास होतो. फक्त जवळपास दोर ओढणारे एखादे मूर्ख अस्वल आहे ना, एवढे बघून ठेवा.