कंबर बेचाळीस, तोंडी चाळीस

अर्जाच्या शेवटच्या पानावर एवढंच छापलं होतं, ‘स्वतःविषयी तीनशे शब्दांत लिहा.’ शिंप्याच्या मुलीनं सातशे लिहिले. टपाल निघायला दोन तास उरले होते. अर्ज त्या दिवशी गेला नाही, तर घरं बांधायला शिकायचा बेत वर्षभर लांबणार होता.

“दे इकडे,” शिंपी म्हणाला. “जादा झालं की कापायचं. त्यात रडायचं काय?”

“बाबा, ते कापड नाहीये!”

तोवर कात्री चालूही झाली होती. टेबलावर, अर्धवट बेतलेल्या कपड्यांच्या ढिगात, वाक्यांच्या पट्ट्या पडू लागल्या. शिंप्याची बायको काजं करता करता एकेक वाचून निकाल देत होती.

“‘मी जिद्दी आहे’, हे काढा. ते आम्ही घरात सोसतोय तेवढं पुरे.”

उरलेल्या पट्ट्या शिंप्यानं सवयीनं टाचण्यांनी जोडल्या. मुलगी फोटो आणायला पळाली आणि स्वच्छ प्रत काढायचं काम आत्याकडे आलं.

आत्याच्या तरुणपणी चांगल्या अक्षरावर कचेरीत नोकरी मिळायची. आत्यानं तीस वर्षं नकला उतरवल्या होत्या, एकदाही खाडाखोड न करता. तिचा नियम एकच. समोर असेल ते उतरवायचं, त्याच्या अर्थात नाक खुपसायचं नाही. तिनं उतरवलं, पाकीट चिकटवलं आणि स्वतः जाऊन टपालात टाकलं.

संध्याकाळी शिंप्यानं एका गिऱ्हाइकाच्या पँटचं कापड उलगडलं. मापाच्या चिठ्ठीच्या जागी टाचणीला लटकत होतं, ‘वडिलांकडून मी अचूकपणा शिकले.’

शिंप्यानं टेबलावरचा ढीग उपसून पाहिला. “मग माझी चिठ्ठी कुठंय?”

सगळे आत्याकडे बघू लागले.

“ती कंबरेची होय? उतरवली की मी,” आत्या शांतपणे म्हणाली. “‘मी कष्टाळू आहे’च्या खाली होती. म्हटलं, हल्ली विचारत असतील.”

“कापा आणखी!” शिंप्याची बायको नवऱ्याला म्हणाली. मुलगी त्या रात्री जेवली नाही.

तरीही पंधरा दिवसांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. टेबलापलीकडे तिघे होते. मधले अध्यक्ष चांगलेच भरदार, त्यांच्या शर्टाची बटणं जीव मुठीत धरून बसलेली. त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला.

“‘मी कष्टाळू आहे. कंबर बेचाळीस. तोंडी चाळीस. गवगवा नको.’ हे काय आहे?”

पाठ केलेली सगळी उत्तरं मुलीच्या डोक्यातून उडाली. तिनं खरं तेच सांगितलं.

“सर, पोट सुटलेलं गिऱ्हाईक आलं, की बाबा मोठ्यांदा दोन इंच कमी सांगतात. चिठ्ठीवर मात्र खरं माप. चिठ्ठ्या मीच लिहिते. माणूस खूश होऊन जातो आणि पँटही नीट बसते. घर बांधतानाही... म्हणजे, मापात चूक नको आणि माणूसही दुखवायला नको.”

बाजूचे दोघे खो खो हसले. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी पोट जरा आत ओढलं. “निकाल कळवू.”

“संपलं,” घरी येऊन ती म्हणाली.

आठव्या दिवशी दुकानाच्या दारात अध्यक्ष उभे! काखेत पँटचं कापड. मुलीच्या हातातली पेन्सिल थबकली. शिंपी त्यांना ओळखत नव्हता. त्यानं टेप गुंडाळली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “कंबर अडतीस!”

अध्यक्षांनी वळून मुलीकडे पाहिलं. “तू किती लिहिलंस?”

तिनं चिठ्ठीवर तळवा ठेवला. “सर, आधी निकाल सांगा.”

“यादीत नाव आहे तुझं. तेच सांगायला आलो... म्हणजे, पँट तर शिवायचीच होती. आता सांग.”

मुलीनं बापाकडे पाहिलं, मग अध्यक्षांकडे.

“अडतीस, सर.”

सगळं ठाऊक असूनही अध्यक्षांचा चेहरा खुलला. आणि पँट त्यांना छान बसली.