गेन्झो न्हाव्याच्या दारातला आरसा

गेन्झो न्हाव्याच्या दुकानासमोर, चढाच्या वळणावर, गाड्यांसाठी पालिकेनं लावलेला एक मोठा गोल आरसा होता. बारा वर्षांपूर्वी मासळीचा टेम्पो त्याला घासून गेला, तेव्हापासून पोचा आलेला. कुणाचं काही अडत नव्हतं. पण या उन्हाळ्यात परगावची पोरंपोरी यायची, त्याच्यासमोर तोंडाचा आ करून उभी राहायची, फोटो काढायची, गपचूप निघून जायची.

गेन्झोला वाटलं, ही तक्रारीची तयारी. माणूस शरमेनं अर्धा झाला.

“गावाचा पोचा बघायला लोक लांबून येतात, फुमिए! आणि पोचा कुठं, तर माझ्या दारात!”

“मग पालिकेला फोन करा की,” बायको म्हणाली. “मी काय आरशांची डॉक्टर आहे?”

फोन केला. तिसऱ्या दिवशी माणसं आली, नवा कोरा आरसा लावला, खालचा रस्ता झाडला, उशीर झाला म्हणून चारदा माफी मागितली. गेन्झोनं त्रास दिला म्हणून पाचदा मागितली. जुना आरसा फुमिएनं मागून घेतला आणि मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपावर झाकण म्हणून टाकला. अगदी मापात बसला.

दुसऱ्याच दुपारी एक मुलगी धापा टाकत चढ चढून आली. मिनोरी तिचं नाव, इस्पितळात नर्स. तिनं आरसा बघितला, हातातला फोन बघितला, परत आरसा बघितला आणि मटकन रस्त्यावरच बसली.

गेन्झो कात्री टाकून धावला. “काय झालं ताई? चक्कर आली?”

“आजोबा, इथला आरसा कुठं गेला?”

“बदलला! मीच बदलायला लावला,” गेन्झो छाती काढून म्हणाला. “आता कसा लख्ख दिसतोय?”

मिनोरीला रडूच फुटलं. तिनं फोन पुढं केला. एका अ‍ॅनिमेतलं, म्हणजे जपानी कार्टून सिनेमातलं, चित्र होतं. हेच वळण, हाच खांब, आणि आरशातल्या पोच्यात खालचा समुद्र वाकून सरळ आभाळात चढलेला.

“सगळे हेच बघायला येतात. आम्ही याला तीर्थयात्रा म्हणतो. अडीच वर्षांनी मला एक दिवस रजा मिळाली, दोन बोटी बदलून आले. चार चाळीसला शेवटची बोट आहे.”

गेन्झोचा चेहरा उतरला. “म्हणजे मी देवळातला देवच बदलला म्हण की!”

खुर्चीत अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक तसंच सोडून तो घरात पळाला.

“हात लावू नका!” फुमिए ओरडली. “लोणचं मुरतंय!”

“मुरू दे. इथं पोरगी रडतेय!”

आरसा धुतला, पुसला, तरी मुळ्याचा वास काही गेला नाही. गेन्झो शिडीवर चढला आणि नव्या आरशापुढं जुना धरून उभा राहिला.

“डावीकडं, आजोबा. थोडा वर. बास, बास! फार उपकार झाले!” म्हणत मिनोरी कमरेत वाकली.

समोरचा वाकल्यावर ताठ राहायचं, हे गेन्झोला जन्मात जमलेलं नाही. तोही वाकला. आरसा कलला आणि त्यातला समुद्र शेजारच्या कौलांवर सांडला.

“माफ करा, माझ्यामुळं…” मिनोरी पुन्हा वाकली. गेन्झोही वाकला. असं चारदा झालं.

“कुणी वाकू नका रे!” अर्ध्या दाढीचा दारातून ओरडला. “चार वाजून गेले!”

मग दोघं ताठ उभे राहिले. वारा पडला, आरसा थांबला. मिनोरी बघत राहिली. तिचे हात आपोआप जुळले, फोटो काढायचंही सुचेना. अर्ध्या दाढीचाही दारातून बाहेर येऊन बघू लागला.

“काय दिसतंय एवढं?” आरशामागून गेन्झोनं विचारलं.

शेवटी मिनोरीच शिडीवर चढली, आरसा धरला आणि म्हातारा खाली येऊन उभा राहिला. एकेचाळीस वर्षं याच दारात त्यानं लोकांची डोकी बघितली होती. आता निळं पाणी पोच्यातून उभं चढत होतं, त्यावरची उन्हं चढत होती, आणि समुद्र संपून आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं.

“रोज असं असतं?” त्यानं हळूच विचारलं.

“रोज असणार, आजोबा. आता मी उतरू?”

“हलू नकोस, ताई. दोनच मिनिटं.”

ज्यानं आपल्यासाठी लोणचं उघडं टाकलं, त्या म्हाताऱ्याला नाही कसं म्हणायचं? मिनोरी हात भरून आले तरी धरून राहिली. खाली बंदरात भोंगा वाजला.

“अगं, बघ, बघ!” गेन्झो लहान पोरासारखा ओरडला. “बोट चालली आभाळात!”

“दिसतेय, आजोबा,” शिडीवरून मान वळवून मिनोरी म्हणाली. “माझीच आहे ती.”