चाकं मोठी, गाडी तीच

गाडीला मोठी चाकं बसवायचं मी ठरवलं ते मुलीच्या एका वाक्यावरून. तिला परगावी नोकरी लागली होती, आयुष्यातली पहिली, आणि घरात सामानाची बांधाबांध चालली होती. मध्येच खिडकीतून खाली बघत ती म्हणाली, "बाबा, आपल्या गाडीची चाकं किती बारकी दिसतात ना." एवढंच. ती चाकांबद्दल बोलत होती, पण मला वाटलं माझ्याबद्दलच बोलतेय. (ज्या पोराला मी फाइलीची दोरी कशी बांधायची ते शिकवलं, तोच आता माझा साहेब आहे. अशा ऑफिसात जन्म गेला की माणूस सगळंच अंगाला लावून घेतो.) मनात म्हटलं, पोरीला स्टेशनवर सोडायला जाईन तर मोठ्या चाकांवरूनच.

स्टेशनवर सोडणं हे माझ्या लेखी साधं काम नव्हतं. आम्हा बापलेकींना समोरासमोर बसून बोलता येत नाही. जेवताना ती फोनमध्ये बघते आणि मी ताटात. गाडीत मात्र मी पुढे रस्त्याकडे बघतोय आणि ती माझ्या मागच्या सीटवर, असं असलं की दोघांनाही सुचतं. तिला शाळेत सोडायचो तेव्हापासूनची ही सवय. या वेळी मला तिला एकच गोष्ट सांगायची होती. तिथे नाही रमलीस तर सरळ घरी परत ये, लोक काय म्हणतील म्हणून रेटत बसू नकोस. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी अजून रेटतोय.

चाकवाल्याचं दुकान म्हणजे नुसता झगमगाट. तो म्हणाला, मोठी चाकं घालणारे लोक बहुतेक स्प्रिंगा बदलून गाडी थोडी खालीही बसवून घेतात. मी साफ नकार दिला. आमच्या फाटकाशी भलामोठा गतिरोधक आहे आणि घरात आईचे गुडघे आहेत, तिला वाकून बसता येत नाही. (आजवर सगळ्यांनी मला खाली बसवलं, निदान गाडी तरी उंच राहू दे, हे त्याला सांगितलं नाही.) मग त्याने चांगली रुंद टायरं दाखवली. फक्त म्हणाला, यात चाकावरच्या कमानीचा पत्रा आणि टायर यांच्यात जेमतेम बोटभर जागा उरते, गाडीत बसतं कोण कोण?

"मी एकटाच," मी म्हणालो.

आणि ते खोटंही नव्हतं. रोज ऑफिसला मी एकटाच जातो.

चाकं दिसायला मात्र झकास होती. बायकोने गाडीभोवती एक फेरी मारली आणि आपण शेगडी बदलणार होतो ना, असं शांतपणे विचारून ती वर गेली. ऑफिसात साहेबांनी पार्किंगमध्ये थांबून विचारलं, गाडी नवी का? मी म्हटलं, नाही, चाकं नवी. "अच्छा. म्हणजे गाडी नंतर," असं म्हणून ते लिफ्टकडे गेले. मी मात्र आठवडाभर गुणगुणत गाडी चालवली. कुठे खुट्ट नाही की खर्र नाही.

जायचा दिवस उजाडला. डिकीत मुलीच्या दोन बॅगा, गादीची वळकटी आणि बायकोने ऐनवेळी कोंबलेली भांड्यांची पिशवी. पुढे आई, मागे बायको आणि माझ्या मागच्या सीटवर मुलगी. मी आरसा नीट केला, घसा खाकरला आणि पहिल्या वळणानंतर विषय काढायचा असं ठरवलं. फाटकाचा गतिरोधक ओलांडला आणि मागून आवाज आला, खर्रर्र.

सगळ्यांनी ऐकला. आईसुद्धा म्हणाली, "मला ऐकू आला म्हणजे मोठाच असणार."

मी रेडिओ लावला. पुढच्या खड्ड्यात पुन्हा खर्रर्र, आणि त्यापाठोपाठ जळक्या रबराचा वास. मुलगी काहीतरी सांगत होती, घरमालकीण, किल्ली असं काहीसं, पण माझा एक कान तिच्याकडे आणि दुसरा चाकाकडे होता, आणि खरं सांगायचं तर पहिलाही चाकाकडेच होता. शेवटी गाडी कडेला घेतली. खाली वाकून बघतो तो मागच्या नव्याकोऱ्या टायरची साल निघत होती.

"वजन जास्त झालंय," मी जाहीर केलं.

"कुणाचं?" बायकोने विचारलं.

या प्रश्नाला पाटीवर लिहून ठेवण्याजोगी पुष्कळ उत्तरं आहेत. सामानाचं, गादीचं, भांड्यांचं. मी यातलं एकही दिलं नाही. मी फक्त तिच्याकडे पाहिलं. तेही अगदी सहज, पण तिथून पुढे स्टेशन येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

मग मी माणसं हलवून पाहिली. आईला मागे बसवलं, तर दुसरं चाक घासायला लागलं. बायकोला पुढे आणलं, गादी आईच्या मांडीवर दिली, भांडी माझ्या पायाशी घेतली, तेव्हा ब्रेकच सापडेना. येणारे-जाणारे बघत होते. मुलगी घड्याळ बघत होती. बायकोने फोनवरून टॅक्सी बोलावली.

सामान हललं, आई हलली, बायको हलली. मुलगी टॅक्सीच्या दारात थांबून म्हणाली, "बाबा, तूपण चल ना. पुढे ड्रायव्हरशेजारी जागा आहे. गाडी राहू दे इथेच."

इथे मला कुणीतरी कानफटात मारायला हवी होती. मी चाकांकडे पाहिलं. अनोळखी रस्ता, नवी चाकं, कुणी काढून नेली तर? "तुम्ही व्हा पुढे," मी म्हणालो, "मी मागून आलोच."

आणि निघालो. रिकामी गाडी काय सुरेख चालत होती. पुढे टॅक्सीच्या मागच्या काचेतून मुलीचं डोकं दिसत होतं, शेजारी तिच्या आईचं, पलीकडे आजीचं. टॅक्सीने लेन बदलली की मीही बदलली, लाल होत आलेले सिग्नल तोडले, पण मागे राहिलो नाही. स्टेशनच्या पार्किंगमध्ये मात्र अडकलो. जागा होती, पण शेजारी दगडी कट्टा, आणि कट्ट्याला चाकाची कड घासली तर ओरखडा कायमचा. पुढे घे, मागे घे, उतरून बघ, परत चढ. शेवटी गाडी एकदाची लागली आणि मी धावत सुटलो.

फलाटावर आई बाकावर बसली होती आणि बायको रिकाम्या रुळांकडे बघत उभी होती. "गेली," ती म्हणाली. तेवढाच शब्द.

मी मुलीला फोन लावला. तिने लगेच उचलला. मी म्हणणार होतो ते वाक्य तोंडाशी आलं होतं. पण एका बाजूला आई कान देऊन, दुसऱ्या बाजूला बायको पाठ फिरवून.

"बाबा, पार्किंग मिळालं?" तिने विचारलं.

"मिळालं," मी म्हणालो. "पोचलीस की कळव."

फोन खिशात ठेवला तेव्हा मला रडू येत होतं. बायकोच्या डोळ्यांतही पाणी होतं, पण त्यातलं माझ्या वाट्याचं किती ते विचारायची सोय नव्हती.

परत येताना गाडीत तिघंच. सामान नाही, मुलगी नाही, त्यामुळे आवाजही नाही. खड्ड्यांवरून गाडी लोण्यासारखी जात होती आणि मागच्या सीटवर बायको खिडकीबाहेर बघत होती. मग आईच बोलायला लागली.

"तो टॅक्सीवाला मोठा सज्जन हो. पोरीच्या काळजीने सारखा आरशात बघत होता. म्हणाला, ताई, एक माणूस मघापासून आपल्या मागे लागलाय, सिग्नल तोडून येतोय, पोलिसांना कळवू का?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय," आई मागच्या सीटकडे बोट दाखवत म्हणाली, "ही म्हणाली, राहू द्या. ओळखीचे आहेत."