पिंपळाला पारंब्या

आमच्या शेजारच्या गायकवाडबाई मोबाईलला मार्क देतात. मोबाईलला म्हणजे त्यातल्या चित्रं काढणाऱ्या ॲपला. आपण काय हवं ते सांगायचं आणि त्यानं घटकाभरात चित्र काढून दाखवायचं, असा तो प्रकार. बाईंनी त्याच्या नावानं शंभर पानी वही केली आहे आणि तीत लाल पेनानं शेरे असतात. 'रंगसंगती बरी. निरीक्षण कच्चे. न सांगता जास्त काढतो.'

बाई तीस वर्षं भाटघरकडच्या शाळेत चित्रकला शिकवत होत्या. निवृत्त झाल्यावर भोरला आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आल्या. मी एसटीतला निवृत्त कंडक्टर. समोरचा माणूस चुकणारच, हे दोघांनीही जन्मभर गृहीत धरलेलं, त्यामुळे आमचं चांगलं जमतं.

ॲपमध्ये नवीन सोय आली की बाई भिंतीवर दोनदा ठोकतात. मग मी चष्मा घेऊन जायचं. माझ्याशी त्या गावाकडचं बोलतात, पण ॲपशी मात्र पाठ्यपुस्तकातलं मराठी. 'कृपया डावीकडील डोंगर थोडा मागे सरकवावा.' मी कारण विचारलं तर म्हणाल्या, लहान हाय अजून, आत्ताच वळण लावलं पायजे.

एकदा फोटोतलं मागचं दृश्य बदलायची सोय आली. बाईंनी माझा फोटो काढून मला घरबसल्या राजगडाच्या पायथ्याशी उभं केलं. गड झकास आला होता. पण ॲपनं आपल्या मनानं माझं पोट काढून टाकलं होतं. मी खूश. आमच्या मंडळींनी फोटो बघून हे कोण पाहुणे म्हणून विचारलं. बाईंनी मात्र सरळ भोपळा दिला. म्हणाल्या, पोट हीच तुमची वळख, ती खोडायचा अधिकार याला कुणी दिला?

सुरुवातीला ॲप माणसाच्या हाताला सहा बोटं काढायचं. बाई रोज मोजायच्या आणि रोज रागवायच्या. पुढं सुधारलं, पाचच काढायला लागलं, तेव्हा बाई दोन दिवस उदास होत्या. रागवायला काही उरलं नव्हतं.

मला वाटायचं, बाईंचा वेळ जात नाही म्हणून हे चाललंय. पण यंदा वैशाखाच्या तोंडावर त्यांच्या गावची मंडळी आली. गावच्या विहारात बुद्धपौर्णिमेला मूर्तीच्या मागं कापडी पडदा लावतात आणि त्यावर पिंपळ असतो. दर वर्षी जुन्या चित्रावर पांढरा रंग फासून बाई नवा पिंपळ रंगवणार, ही रीतच होती. एकदा घरातलं लग्न सोडलं होतं बाईंनी, पण पडदा चुकवला नव्हता. मंडळी गुंडाळी घेऊन उभी होती आणि बाई म्हणाल्या, औंदा मोबाईलवर चित्र करून फ्लेक्स छापू. मंडळी पडदा ठेवून, एकमेकांची तोंडं बघत गेली.

मग चार दिवस नुसतं युद्ध. ॲपनं पहिला पिंपळ काढला तो पारंब्यांसकट. बाईंनी त्याला 'वड व पिंपळ यांतील फरक सांगा' असा प्रश्न टाकला. त्यानं पाच मुद्दे बिनचूक सांगितले आणि पुन्हा पारंब्या काढल्या. नको ते खोडायची सोय वापरली तर पारंब्यांबरोबर बुंधाही गेला. फांद्या अधांतरी. पुढचा पिंपळ बिनपारंब्यांचा आला, पण पानं विड्याची. पिंपळाच्या पानाचं लांब टोकच नव्हतं.

पौर्णिमेच्या आठ दिवस आधी पुन्हा भिंतीवर ठोकलं. नवीन सोय आली होती. आपण बोटानं कच्चं चित्र काढायचं, ॲप ते पक्कं करून देतं. बाईंनी स्क्रीनवर बोट टेकवलं, पान काढायला घेतलं, आणि माझं लक्ष त्यांच्या हाताकडं गेलं. हात थरथरत होता. एवढ्याशा पानाची रेघ कुठल्या कुठं जात होती. ॲपनं क्षणात ती सरळ केली. टोकासकट, शिरांसकट, सुरेख पिंपळपान. मी म्हटलं, आता तरी पैकीच्या पैकी द्या.

बाईंनी लाल पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

"पान झ्याक हाय, भाऊ. पर ह्यात माझी रेघ कुठं हाय?" मग खाली बघून म्हणाल्या, "कंपवात हाय. दोन वर्सं झाली, औंदा लईच वाढलाय. कुणाला बोलले न्हाई. चित्रकलेच्या बाईचा हात हलतो म्हणल्यावर मागं राहिलं काय?"

ज्याला मी वेळ घालवणं समजत होतो, त्यात बाई आपल्यासाठी उसना हात शोधत होत्या. मला चित्रातलं काही कळत नाही. जे सुचलं ते बोललो.

"बाई, म्या तीस वर्सं वरंध घाटात हालत्या गाडीत हिशेबाचा कागद भरला. एक अक्षर सरळ आलं न्हाई. पर डेपोत सगळं वाचायचे."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात पडदा पसरलेला दिसला. पाच दिवस त्या त्यावर बसून होत्या. मी रंगाचा डबा धरायला गेलो तर हाकलून दिलं.

पौर्णिमेला मीही त्यांच्याबरोबर गेलो. पडद्यावरची एकही रेघ सरळ नव्हती. प्रत्येक पानाची कड दोन-तीनदा इकडंतिकडं गेलेली. बाई दाराशीच थांबल्या, आत येईनात. वंदना झाली. पुढं बसलेली एक म्हातारी उठून पडद्याजवळ गेली, डोळे बारीक करून बघत राहिली आणि मग बाईंपाशी आली.

"बाई, राग धरू नगा. इतकी वर्सं पानं निस्ती चिकटवल्यावानी असायची. औंदा सळसळत्यात बगा."

आजवरचे सगळे पिंपळ एका वाक्यात नापास झाले होते, आणि बाई तिचा हात धरून रडत रडत हसत होत्या.